दादा, टेबलावर बोल, पण चालू डावावर नको

हार्टफर्ड, कनेक्टिकट

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवरच बोलले असते, पण तुझ्याशेजारी आई बसलेली असते आणि पत्त्यांचं नाव निघालं की तिचा आवाज चढतो. म्हणून लिहिते. शिनोळीला घरी वाचू नको, बेळगावात दुकानात दुपारची सामसूम असते तेव्हा वाच. वहिनीला मात्र दाखव. तिच्यापासून लपवलंस तर मीच तिला पाठवेन.

तर तू आणि खडेबाजारातले तुझे दोस्त चोर्ल्याच्या घाटानं पणजीला जाणार आणि मांडवीतल्या बोटीवर रात्रभर पोकर खेळणार. कारणही कळलं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि तुमचं फोनवरचं टेबल उठलं. आता खऱ्या टेबलावर बसायचं तर तुला एकच काळजी: ‘तिथं गप्प बसावं लागतं काय गं?’ दादा, तुला गप्प बसून जेवताही येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

फोनवर खेळताना तुझी पाळी नसेल तर बटणच चालत नाही. किती लावता येतील ते ॲप सांगतं, कोण जिंकलं ते ॲप ठरवतं, आणि हरल्यावर गल्ल्यावर बसून तू कुणाच्या सात पिढ्या उद्धरल्यास ते समोरच्याला ऐकू जात नाही. खऱ्या टेबलावर यातलं काहीच आपोआप होत नाही. पानांचं तुला मी काय शिकवणार? जीभ कुठं सैल सोडायची आणि कुठं आवरायची, तेवढं सांगते.

मी जाते ते फॉक्सवूड्सला, गाडीनं तासाभरावर. मॅशनटकेट पीकॉट या मूळ अमेरिकन जमातीचं हे कॅसिनो त्यांच्याच राखीव जमिनीवर 1992 मध्ये सुरू झालं. जागा अवाढव्य आहे, पण आपलं बसणं कमी पैशांच्या टेबलांवर. 1-2 किंवा 1-3 म्हणतात ते. म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं 1 आणि 2 किंवा 3 डॉलर पुढं टाकायचे, बाकीच्यांनी बघून ठरवायचं. या टेबलांवर निवृत्त शिक्षक असतात, प्लंबर असतात, रात्रपाळी संपवून आलेली नर्स असते. एखादा पोरगा गॉगल आणि हेडफोन लावून पुतळ्यासारखा बसतो. तू यूट्यूबवर बघतोस तो हाच. बाकी सगळे गप्पा मारायला आलेले. नातवंडं, गुडघे, बेसबॉल, कुठल्या हॉटेलातलं चिकन वाईट, सगळं चालतं. तू तिथं तासाभरात टेबलाचा पाटील होशील.

मोठ्या खेळातसुद्धा सगळे मुके नसतात. 2006 मध्ये पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जेमी गोल्डनं जिंकली, 1 कोटी 20 लाख डॉलरची. तो समोरच्याशी अखंड बोलायचा, कधी आपल्याकडं काय आहे ते खरंच सांगून टाकायचा आणि समोरचा गोंधळायचा. 2016 मध्ये इंग्लंडचा विल्यम कसूफ असाच बडबड करत त्याच स्पर्धेत 17 वा आला. वाटेत त्याला पंचांच्या ताकिदी मिळाल्या, शिक्षाही झाली. तेव्हा बोलण्यानं चालतं, फक्त सीमा आहे. स्पर्धेत ती कडक असते. आपल्यासारख्यांच्या रोख पैशांच्या टेबलावर थोडी सैल.

ती सीमा कुठं आहे, ते नीट समजून घे. डाव चालू असताना त्या डावातल्या पानांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. स्वतः पानं टाकून मोकळा झालेल्यानं तर अजिबात नाही. समज, तू राजा आणि तिर्री टाकून दिलीस. मधे सगळ्यांसाठी सामायिक अशी तीन पानं उघडली: राजा, राजा, सत्ती. तू कपाळावर हात मारलास, ‘अरे देवा!’ एवढंच. पण त्या दोन शब्दांनी टेबलाला कळलं की तिसरा राजा तुझ्याकडून गेला. आता ज्यानं राजा असल्याची थाप मारायला म्हणून मोठी रक्कम लावली, त्याची थाप कुणी खरी मानणार नाही. त्याचे पैसे तुझ्या कपाळामुळं गेले. ‘त्याच्याकडं फ्लश दिसतोय बघ’ (म्हणजे पाचही पानं एकाच जातीची) असं तिसऱ्याला सांगणं तर त्याहून वाईट. एक हात एकाच माणसानं खेळायचा, हा या खेळाचा कणा आहे. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या पैशांसाठी, दोघंच उरले असतील तर ते एकमेकांना डिवचतात, विचारतात, खोटं बोलतात. ते बहुतेक ठिकाणी खपतं. तिसरा तिथं बोललाच तर पाणी मागायला.

इथंच भाषेचा मुद्दा येतो. एकदा माझ्या टेबलावर कोल्हापूरचा एक मुलगा निघाला. ओळख पटताच तो डाव चालू असतानाच मराठीत सुरू झाला, आणि विचारत होता काय, तर पार्किंग कुठं मिळालं. पानं वाटणाऱ्या डीलरनं लगेच हात वर केला: डावात इंग्रजीच. इथं बहुतेक खोल्यांत हा नियम असतो. आपलं घर महाराष्ट्रात, दुकान कर्नाटकात. भाषेची सक्ती म्हटलं की आपण आधी बाह्या सरसावतो. पण हा नियम मला एकदाही टोचला नाही, कारण त्यात कुणाची भाषा लहान होत नाही. बाकीच्यांना न कळणाऱ्या बोलीत दोघं पानं सांगत असतील तर, एवढीच धास्ती. तो डाव संपल्यावर आम्ही मिसळीवर मनसोक्त भांडलो, कुणी हू की चू केलं नाही. गोव्यात कुठली भाषा चालते ते बसताना विचारून घे. हिंदी चालत असेल तरी डावाच्या मधे ‘काय करूलास बे?’ नको, आणि तुमच्या त्या दोस्ताचं कानडी पण नको.

खरं तर तुम्ही सगळे एकाच टेबलावर बसूच नका. एकत्र आलेली पोरं दिसली की लोक बिचकतात. त्यात तुमची सवय मला माहीत आहे: ‘तू आपला माणूस, तुझ्यावर नाही लावत.’ दिवाळीत घरच्या सतरंजीवर ते प्रेम, पण तिथं ती फसवणूक धरतात. भावाला सोडलंस म्हणजे तिसऱ्याला तुम्ही दोघांनी मिळून दाबलंत, असाच त्याचा अर्थ होतो. पॉटमध्ये दोस्त उरला तरी परक्यासारखाच खेळ. जमणार नसेल तर दुसरं टेबल माग.

तीनपत्तीच्या आणखी दोन सवयी दुकानातच ठेवून जा. साइड शो पोकरमध्ये नाही. शेजाऱ्याला हळूच पान दाखवलंस तर सगळे म्हणतील, आम्हालाही दाखव. आणि दाखवावं लागतं. दुसरी सवय तुझी सगळ्यात लाडकी, म्हणून सांगताना जीव खालीवर होतोय. ते तिन्ही एक्के हातात असताना पडेल चेहरा करायचा, ‘हरलो बाबा’ म्हणायचं, आप्पाकाकांना पॉटकडं हात न्यायला लावायचा, आणि मग एकेक पान फट्‌ फट्‌ उलटायचं! घरी आपण पोट धरून हसतो. तिथं याला स्लो-रोल म्हणतात आणि शिवी दिलेली परवडेल, हे नाही. शेवटचे पैसे लागले, लावालावी संपली, आणि तुझी पानं वरचढ आहेत हे तुला माहीत आहे, तर ताबडतोब उलट. समोरच्याला आशेवर एक क्षणही ठेवायचं नाही. थाप मारताना लागेल तितकं नाटक कर, तो खेळ आहे. निकालाच्या वेळी नको.

निकालाच्या वेळचंच आणखी एक. तुझ्याकडं फ्लश नसताना ‘फ्लश!’ म्हणायचं आणि समोरच्यानं पानं फेकली की पैसे ओढायचे, असले नग असतात. नियमात शेवटी पानंच बोलतात, तोंडाला किंमत नाही. पण तू आपली पानं डीलरकडं सरकवून दिलीस तर ती मेली, मग तुझं कुणी ऐकणार नाही. म्हणून समोरची पानं टेबलावर उघडी पडून स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत आपली सोडू नको. चालू डावातही ती बेवारस सोडू नको. वर एखादी चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायची चकती, ठेव.

उलट पैसे लावताना तोंडाला पूर्ण किंमत. पाळी आल्यावर ‘कॉल’ (समोरच्याइतकेच लावतो) म्हणालास की कॉल झाला, ‘रेज’ (वाढवतो) म्हणालास की माघार नाही. ‘तुझे वीस... आणि वर चाळीस’ हे सिनेमात. तिथं वीसलाच डीलर थांबवेल. न बोलता एकच मोठी चिप टाकलीस तर ती कॉलच धरतात, तुझ्या मनात काहीही असो. वाढवायचे असतील तर आधी शब्द, मग चिप्स. आणि चिप्स पॉटमध्ये भिरकावू नको, पुढं नीट ठेव, म्हणजे मोजता येतात. पाळीआधी बोलायचं नाही, हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

आता हरण्याचं. तुझ्याकडं दोन एक्के, समोर एकजण सत्ती-दुर्री घेऊन आला, आणि शेवटच्या पानाला त्याला दुसरी दुर्री लागून तो दोन जोड्यांवर जिंकला. होतं असं, वारंवार होतं. तुझ्या जिभेवर येणार: ‘असल्या पानांवर कुणी खेळतं काय?’ गिळ. दुकानात घासाघीस न करता कापड नेणाऱ्या गिऱ्हाईकाला तू कधी ‘अहो, भाव पाडायला शिका’ असं सांगितलंस? हा माणूस पुन्हा सत्ती-दुर्रीवर पैसे लावणार आहे. तू शहाणपण शिकवलंस तर एकतर तो शिकेल, नाहीतर चिडून उठून जाईल, आणि टेबलावर सगळे तुझ्यासारखेच चिकट उरतील. ‘छान खेळलात’ म्हण आणि पुढची पानं उचल. मला स्वतःला हे नुसतं धोरण वाटत नाही. तो बिचारा आठवड्याभराच्या कामातून मजा करायला आलेला असतो, त्याला अपमान विकत घ्यायचा नसतो.

डीलरवर तर कधीच ओरडू नको. पानं तो वाटतो, पाडत नाही. इथं पॉट जिंकल्यावर त्याला डॉलरभर टिप देतात. तिथली रीत बघून घे. वाद झाला तर डीलर फ्लोअरला बोलावतो, म्हणजे खोलीच्या मुख्य माणसाला, आणि त्याचा शब्द शेवटचा. माझ्या टेबलावर मी बऱ्याचदा एकटीच बाई असते. ‘स्वीटहार्ट, तुला समजावून सांगू का’ असं म्हणणारा एखादा भेटतोच. समजावू देते. त्याच्या पानांबद्दल तो जेवढं सांगतो तेवढं मला चोरूनही कळलं नसतं. पण एकानं मर्यादा सोडली तेव्हा मी त्याच्याशी तोंडाला तोंड दिलं नाही. डीलरला सांगितलं, फ्लोअर आला, आणि गृहस्थ दुसऱ्या टेबलावर गेले. तुझ्या टेबलावर कुणी बाई असेल तर तिला खेळ शिकवू नको. वहिनी हे वाचून हसत असेल.

तुमच्यातल्या एकाचा मेव्हणा म्हापशाहून येणार म्हणालास. त्याला नेऊ नका. 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, दारातून परत फिरवतील. 21 च्या आतल्यालाही घेत नाहीत, म्हणजे धाकट्याचा हट्ट तिथंच संपला. सगळ्यांनी ओळखपत्रं ठेवा. पैसे किती न्यायचे ते वहिनी ठरवेल, आणि एटीएम कार्डही तिच्याकडंच ठेवून जा. जिंकलेल्या चिप्स मधेच उचलून खिशात घालता येत नाहीत, टेबल सोडेपर्यंत त्या समोरच राहतात. उठावंसं वाटलं तर सरळ उठून जा, ‘जिंकून पळाला’ म्हणणारे म्हणोत.

रात्रभर खेळून पहाटे तसेच चोर्ला चढू नका. पणजीत झोपा, दुपारी निघा. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ. आणि हो, तिच्या गुडघ्यांसाठीच्या पट्ट्या आणि वहिनीनं सांगितलेली क्रीम ऑफिसातल्या एकीबरोबर पुण्यापर्यंत पाठवते आहे. तिथून कुणाकरवी आणायची ते कळव.

तुझी,
ताई नव्हे, अजून धाकटीच