'निरोध वापरा' म्हटले, पण कसा?

संपादक महोदय,

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रभातफेऱ्या निघतात, लाल फिती लागतात, 'निरोध वापरा' असे फलक झळकतात. निरोध नेमका कसा वापरायचा, हे मात्र फलकावर नसते. विचारायची लाज आणि सांगायचा संकोच, यात तेवढेच राहून जाते. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), क्लॅमिडिया अशा लैंगिक संसर्गांपासून बचाव होतो तो याच तपशिलामुळे, म्हणून हे पत्र.

सर्वांत घातक चूक खोबरेल तेलाची. ते घरोघरी असते, सहज हाताशी येते. पण बहुतेक निरोध लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे असतात. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम यांतले काहीही लागले की काही मिनिटांतच रबर कमजोर होते आणि ऐन वेळी फाटते. कोरडेपणा असेल तर मेडिकलमधून पाण्यावर आधारित जेल घ्यावे. निरोध महिनोन्‌महिने मागच्या खिशात दाबून किंवा मोटारसायकलच्या डिकीत उन्हाळ्यात ठेवला, तर छापील मुदतीला अर्थ उरत नाही. उघडण्याआधी तारीख पाहावी, पाकीट बोटांनी हलकेच दाबावे. आत हवा जाणवली तर ठीक. चपटे किंवा चिकट लागले तर टाकून द्यावे. दातांनी किंवा कात्रीने उघडू नये.

घालताना टोक चिमटीत धरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही आणि वीर्याला जागा राहते. मग बुडापर्यंत उलगडावा. उलगडत नसेल तर तो उलटा धरला आहे. तोच पालटून घालू नये, त्याला स्राव लागलेला असू शकतो, नवा घ्यावा. 'शेवटी घालू' हा हिशेब चुकीचा आहे, कारण वीर्यपतनाआधीच्या स्रावातूनही संसर्ग होतो. एकावर एक दोन घातले तर घर्षणाने फाटण्याचा धोका असतो. संबंध झाल्यावर ताठरता जाण्याआधी कडा बुडाशी धरून बाहेर यावे, गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. प्रत्येक वेळी नवा, मुखमैथुन आणि गुदमैथुनातही. गुदमैथुनात जेल हवेच. गर्भनिरोधक गोळ्या आणि तांबीने गर्भ टळतो, संसर्ग नाही.

निरोध जेवढी त्वचा झाकतो तेवढेच संरक्षण देतो. हर्पिस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) आणि गरमीचा व्रण त्याबाहेरही असू शकतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लसही बाजारात आली आहे. मुलगी शाळेत असतानाच ती देणे उत्तम, कारण लैंगिक संबंध सुरू होण्याआधी तिचा उपयोग सर्वाधिक होतो.

गरमी फसवते. तिचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस 'बरे झाले' म्हणून निर्धास्त होतो, पण जंतू शरीरातच असतात आणि पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठू शकते. गरोदरपणी हा संसर्ग बाळापर्यंत पोहोचतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली रक्ततपासणी चुकवू नये. सुरुवातीला पकडला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. मेडिकलमधून स्वतःच मलम आणून लावले तर खूण झाकली जाते, निदान लांबते. परमा आणि क्लॅमिडियाची लक्षणे स्त्रियांमध्ये अनेकदा दिसतच नाहीत. त्यामुळे पतीने गोळ्या घेतल्या आणि पत्नीला तपासलेच नाही, तर संसर्ग फिरून येतो. उपचार दोघांवर हवेत, आणि ते झाल्यावर निदान ७ दिवस संबंध टाळावेत.

निरोध फाटला आणि एचआयव्हीची शंका असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात) जावे. प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. सुरुवातीची तपासणी निगेटिव्ह आली तरी ३ महिन्यांनी पुन्हा करावी. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) आणि सुरक्षा क्लिनिक (लैंगिक आजारांचा दवाखाना) येथे तपासणी मोफत होते. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. १०९७ हा हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे; निदान तो तरी त्या फलकांवर ठळक छापावा.

– लैंगिक आरोग्य समुपदेशक, सातारा