फुटपाथवर हॉर्न वाजवणाऱ्यांनो

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी टिळक रोडच्या फुटपाथवरून भाजीची पिशवी घेऊन चाललो होतो, मागून हॉर्न वाजला, मला वाटलं रस्त्यावरचीच गाडी असेल, परत वाजला तो अगदी पाठीत, वळून बघतो तर ॲक्टिव्हा, पायाशी गॅस सिलिंडर उभा केलेला आणि पोरगा म्हणतोय "काका जरा साइडला व्हा ना". आणि मी झालो! वर सॉरी पण म्हणालो. घरी चप्पल काढताना डोक्यात आलं, की अरे सॉरी मी कशाबद्दल म्हणालो? बायको अजून हसतीये.

संध्याकाळी ६ ते ८ हे रोजचं आहे. सिग्नल तुंबला की एक जण उतारावरून वर चढतो, मग बाकीचे मुंग्यांसारखे त्याच्या मागे. खांब लावलेत, पण एक उखडला की झालं, सगळी वरात तिथून. शिवाय खांब जवळजवळ लावले तर व्हीलचेअर अडकते आणि व्हीलचेअरपुरती जागा ठेवली तर ॲक्टिव्हा पण आरामात जाते, त्यामुळे नुसत्या खांबांनी हे सुटणार नाही, त्या दोन तासांत तिथे माणूसच उभा पाहिजे.

क्रॉसिंगचं तर बोलायलाच नको. चालणाऱ्यांचा हिरवा लागला तरी डावीकडे वळणारे थांबत नाहीत, आणि समोरचा आकडा ५ वर आला की मागून हॉर्न, ३ वर निम्म्या गाड्या झेब्राच्या पुढे. मी पण स्कूटर चालवतो, पेठेतल्या वन-वेचा वळसा नको म्हणून पन्नास पावलं नो एन्ट्रीतून घुसलोय, खोटं कशाला बोलू. पण फुटपाथवर कधी चढलो नाही.

गंमत म्हणजे पुण्याचं पादचारी धोरण २०१६ सालचं आहे. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला पादचारी दिन पण केला, लक्ष्मी रोड उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्यांना बंद. मी मुद्दाम गेलो होतो, छान वाटलं, पण रस्त्याच्या मधोमध चालताना सुद्धा दर दहा पावलांना मागे वळून बघत होतो, गाडी येतीये का म्हणून. बाकीचे पण बघत होते.

लोक म्हणतात रस्ते अरुंद, गाड्या वाढल्या, कुठे ना कुठे खोदकाम चालूच, माणूस करणार काय. मान्य. पण मग चालणाऱ्यानं जायचं कुठे, दुकानात?

आता पुढच्या वेळी बाजूला होणार नाही असं मी घरात जाहीर केलंय. बायको म्हणते, आधी गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे वसूल होऊ देत.

– एक पायी चालणारा, सदाशिव पेठ, पुणे