टायरवाल्या काकांना, स्पितीच्या खडीवरून परतल्यावर

काका, सप्रेम नमस्कार.

नवे टायर गळ्यात मारायची आयती संधी सोडून तुम्ही आधी स्टेपनी खाली काढलीत, त्याचे आभार. पत्र उघडच लिहितोय, मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे स्पितीतल्या काझ्याला निघणाऱ्यांच्याही कामी येईल.

गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीचा बोल्ट चिखलाने गंजतो आणि वाटेतल्या ग्राम्फू-बातलच्या गोट्यांत नेमका अडून बसतो. तुम्ही तो सोडवून ग्रीस लावलंत. स्टेपनीत हवा निघाली १८ पीएसआय! ती ३६ केलीत, कारण जास्तीची केव्हाही सोडता येते. शिवाय ती लहान मापाची, ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली. म्हणून चारही चाकांच्या मापाचा जुना टायर रिमसकट शोधून दिलात.

टायरांवर २४२२ दिसलं, म्हणजे २०२२ च्या २४व्या आठवड्यातले. नक्षी ६ मिमी खोल. "चालतील," म्हणालात. कायद्याला १.६ मिमी पुरते, पण खडीवर ५ च्या खाली नको. रबर पातळ झालं की टोकदार दगड थेट आतल्या तारांपर्यंत पोचतो.

हवेचं गणित मात्र तुमच्यामुळेच कळलं. डांबरावर ३३, खडीवर २७-२८. मऊ टायर दगडावर दबतो, कडक टायर कापला जातो. त्याखाली उतरलं तर रिम वाकते आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बाहेर फुगून दगडांच्या तोंडी जाते. कुंझुम सुमारे ४,५५० मीटरवर. बाहेरची हवा विरळ, त्यामुळे मनालीत भरलेली हवा तिथे ३ पॉइंट जास्त दिसते. थंडीने त्यातली थोडी उतरते. म्हणून हवा वर पोचल्यावर, टायर गार असताना मोजायची.

पंक्चर किटमध्ये छिद्रात भरायच्या १० दोऱ्या, घासणी, सुई, २ व्हॉल्व्ह पिना आणि त्या काढायची किल्ली. दोरी फक्त नक्षीच्या भागात टिकते. साइडवॉल सतत वाकते, तिथली दोरी निसटते. त्यासाठी एक ट्यूब आणि आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा दिलात, तोही फक्त काझ्यापर्यंत सावकाश जाण्यापुरता. पंक्चरचं द्रव मात्र घेऊ दिलं नाहीत. बरं केलंत, नाहीतर टायर उघडणाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा, इंजिन चालू ठेवून. मोठा असला तर लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडवतो.

जॅक खडीत रुततो, म्हणून ३० × ३० सेंमीचा जाड प्लायवूड. विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड. नट समोरासमोरचे आवळायचे आणि ५० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. हे सगळेच विसरतात.

प्लायवूडचा एक कोपरा दबलाय, तेवढा चालवून घ्या. शनिवारी परत आणून देतो.