माझं अर्धं वाक्य कापणाऱ्यांना जाब कोण विचारणार?

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघत होतो, तेव्हा एका वृत्तवाहिनीच्या पोराने तोंडासमोर बूम माइक धरला. नाफेड, म्हणजे केंद्रासाठी कांदा विकत घेऊन साठवणारी सहकारी संस्था, तिच्याबद्दल मी म्हणालो, "नाफेडची खरेदी सुरू झाली हे चांगलंच झालं, पण ती बाजार समितीत, लिलावात उतरून करा. आणि आमचा माल निघतो तेव्हाच साठ्यातला कांदा बाजारात ओतून भाव पाडू नका." संध्याकाळी टीव्हीवर मी 'चांगलंच झालं' इथवरच बोललो आणि खाली पट्टी फिरली: नाफेडच्या खरेदीने शेतकरी खूश!

साहेब, तेव्हापासून गावात मान वर करून चालायची सोय उरली नाही. ज्यांच्या मांडीला मांडी लावून रास्ता रोकोला बसलो, तेच विचारतात, "किती घेतले?" कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सडतोय, पाणी सुटून खालचा थर काळा पडलाय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे आणि जगाला मी खूश दिसतोय!

तुमच्याच मंत्रालयाने जून २०२१ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. अर्धसत्य दाखवायला तर आधीपासूनच मनाई आहे. मी लेखी तक्रार केली, मुदत कधीच उलटली, साधी पोचही नाही. आणि निकाल देणार कोण? पहिल्या पायरीवर तीच वाहिनी, पुढे वाहिन्यांचीच संस्था. चोराच्या हाती किल्ल्या! प्रेस कौन्सिलकडे जावं, तर १९७८ चा तिचा कायदा वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता, टीव्हीला लागू नाही. वाहिन्यांच्या संस्थेने लावलेल्या एक लाखाच्या दंडाने वाहिन्यांना काय फरक पडतो, हे सुप्रीम कोर्टानेच ऑगस्ट २०२३ मध्ये विचारलं होतं.

'मीडियावन' ही मल्याळम वृत्तवाहिनी बंद करायला मात्र २०२२ मध्ये तुमच्या मंत्रालयाला हात होते. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे बडगा आहे, पण तो आमच्यासाठी उचलला जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी एका रात्रीत लादता येते, शेतकऱ्याच्या तक्रारीला पोच देता येत नाही?

मला भरपाई नको. माझं पूर्ण वाक्य त्याच वाहिनीवर, त्याच वेळेला दाखवायला लावा. मुलाखत देणाऱ्याने मागितलं तर न कापलेलं चित्रीकरण त्याला द्यावंच लागेल, असा नियम करा. तोवर बूम घेऊन येणाऱ्या कुणाशीही मी बोलणार नाही, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यालाही बोलू देणार नाही.

एक कांदा उत्पादक,
ता. निफाड, जि. नाशिक