मुग्धाच्या ऑनलाइन पदवीविषयी

अकोले,
12 जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मुग्धाला ऑनलाइन पदवीला घालू का, असं तू विचारलंस. फोनवर दोन शब्दांत सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

पदवीच्या मान्यतेची काळजी करू नकोस. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्येच स्पष्ट केलंय. मला काळजी मुग्धाची वाटते.

लॉकडाऊनमध्ये एस.वाय.ला मी गूगल मीटवर गणितातलं डबल इंटिग्रल शिकवायचो. सगळ्यांचे कॅमेरे बंद. ''समजलं का?'' विचारलं की चॅटमध्ये ''यस सर''ची रांग. वर्गात इंटिग्रेशनचा क्रम बदलताना कुणाच्या तरी कपाळावर आठी पडते. ती दिसली की मी फळा पुसून आकृती पुन्हा काढतो. स्क्रीनवर आठी दिसायची कशी? डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायची आणि पाऊस आला की गायब व्हायची. हळूहळू रेंज असूनही येईनाशी झाली. आपण नसलो तरी कुणाचं काही अडत नाही, हे एकदा मनात बसलं की अभ्यासावरचं मन उडतंच. पुढे घरबसल्या नुसता पर्याय निवडायच्या एमसीक्यू परीक्षा झाल्या, गुण भरघोस पडले. कॉलेज उघडल्यावर त्याच मुलांना साधी आकृती काढता येईना, तेव्हा फार वाईट वाटलं रे.

हुशार मुलांचं मात्र बरं चाललं होतं. एक मुलगी रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहायची आणि रात्री शंकांचे फोटो पाठवायची. अमेरिकेतल्या डेव्राय विद्यापीठावरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, तरी ऑनलाइन शिकणाऱ्यांना गुण कमी पडले, आणि आधीच कच्च्या असलेल्यांचं नुकसान जास्त झालं. वाचताना मला आमचाच वर्ग दिसत होता.

मुग्धा गुणी आहे, पण अडलं तर विचारत नाही, गप्प बसते. अशा मुलीला समोर माणूस लागतो. म्हणून माझं मत कॉलेजचंच आहे. फी किंवा रोजचा प्रवास झेपणार नसेल तर ऑनलाइन घाल, पण तिच्याच कोर्सची एखादी मैत्रीण शोध. दोघींनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून गणितं सोडवायची. आणि विषयाचे शिक्षक स्वतः शंकांना उत्तरं देतात की नुसते व्हिडिओ टाकून मोकळे होतात, ते फी भरण्याआधी विचारून घे.

गणितापुरतं मी आहेच. अडलं की वही घेऊन सरळ इकडे ये म्हणावं, रविवारी मी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता