खालच्या मजल्यावरच्या काकांना

काका, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच चहाचं काढता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

टेलिस्कोपचा ६ इंची आरसा घरी घासायला घेतला तेव्हा मी बिल्डिंगमध्ये कोणाला काही बोलले नव्हते. विकतचा मिळतो हे माहीत होतं, पण मला तो पूर्ण माझ्या हातचा हवा होता, दुसऱ्या कोणाचं बोट लागलं तरी तो माझा राहणार नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडम पावडर, आणि स्टँडभोवती गोल फिरत घासत राहायचं, वरची हळूहळू खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. ४८ इंच फोकल लेंथसाठी, म्हणजे आरशापासून तेवढ्या अंतरावर प्रतिमा उमटायला, मध्यभागी खोली हवी जेमतेम १.२ मिलीमीटर! तेवढ्यासाठी कर्वेनगरच्या त्या छोट्याशा गॅलरीत किती रात्री गेल्या ते मलाच माहीत. पावडरीचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक; ८० नंबरच्या पावडरीने खोली आली, मग १२०, २२०, आणि ४०० ला गेले की ओरखडा. परत मागे २२० ला, परत ४००, परत ओरखडा.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी जिन्यात बसले होते आणि तुम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीवर चालला होतात. "काय गं, काय झालं?" मी म्हटलं काही नाही. तुम्ही दोन पायऱ्या चढलात, थांबलात आणि म्हणालात, "रात्री घासल्याचा आवाज येतो तो तुझाच ना? लॅपिंगचा आवाज आहे तो, आयुष्य टूलरूममध्ये गेलंय माझं." मग मला राहवलंच नाही.

काका, तुम्ही आत आलात पण काचेला हात लावला नाहीत. हे मी कधीच विसरणार नाही. गॅलरीतली बादली बघितलीत, फडकं बघितलंत आणि एवढंच विचारलंत, "सगळ्या नंबरांना हीच?" ८० नंबरचा एक कण फडक्यात अडकला असेल तरी पुढची सगळी मेहनत वाया. दुसऱ्या दिवशी दारात आइस्क्रीमचे रिकामे डबे, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात नंबर, आणि प्रत्येकात वेगळं फडकं. त्यानंतर एकही ओरखडा नाही.

पॉलिश झाल्यावर फूको टेस्ट आली, आरशाचा आकार बरोबर आलाय का ते तपासायची. दिव्याचा बारीकसा प्रकाश आरशावर सोडायचा, परत येणारा किरण ब्लेडने कापायचा आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. डोळा सावलीवर ठेवून ब्लेड किती सरकलं ते पण बघायचं, एकटीला ते जमेचना. या वेळी मीच खाली आले, बेल वाजवली. ती बेल वाजवायला मला दोन दिवस लागले होते. तुम्ही डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं मोजायचं काट्याचं यंत्र, घेऊन आलात, बॅटरी हातात धरून अंधारात आकडे लिहीत बसलात, आणि मी काचेवर अंगठा मिनिटभर टेकवून तुम्हाला दाखवलं की नुसत्या अंगठ्याच्या उबेने काच फुगते आणि टेस्टमध्ये तिथे टेकडी दिसते. तुम्ही तीनदा बघितलंत. "अगं, हे माझ्या गेजला सात जन्मात दिसलं नसतं!" तुमचा तो चेहरा बघून वाटलं, मी इतके दिवस मदत नको नको म्हणत होते म्हणजे हा आनंदही तुमच्यापासून लांब ठेवत होते.

पानशेतच्या बाजूला अंधारात शनी लावला तेव्हा आधी काकूंनी बघितला, मग तुम्ही, मग मी. कडी स्वच्छ दिसली. आणि आरसा तेवढाच माझा वाटला, कणभरही कमी नाही.

आता ८ इंची सुरू केलाय. काच जड आहे आणि रविवारी टिंबर मार्केटमधून बेससाठी प्लायवूड आणायचंय, ते मला एकटीला झेपणार नाही. दहा वाजता निघूया का? येताना चहा माझ्याकडून.