माननीय दूरसंचार मंत्रीसाहेब, आमचं किचन पण मुंबईतच येतं

सप्रेम नमस्कार वगैरे.

चार दिवसांपूर्वी रात्री अडीचला आई पडली. विक्रोळीत पहिल्या मजल्यावर राहतो, समोर चार हातांवर दुसरी बिल्डिंग. १०८ लावतोय तर तीनदा कट. शेवटी तिला तशीच कण्हत सोडून गेटवर धावलो, तिथे लगेच लागला. खुब्याचं हाड मोडलंय. चार रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काढतोय, पगार कापला जाणार तो वेगळा.

मोबाइल कंपनीकडे तक्रार केली, तर उत्तर काय, "आपल्या परिसरात कव्हरेज उत्तम आहे". नकाशात आमची बिल्डिंग हिरवीगार. मोजतात कसं, तर गाडीत फोन ठेवून रस्त्याने फिरवतात, ड्राइव्ह टेस्ट म्हणे. माझी आई हायवेवर राहत नाही हो साहेब.

मग मीच मोजलं, भाच्याने ॲप टाकून दिलं. गेटवर उणे ८४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप), किचनच्या ओट्यावर उणे ११७. वाटतो ३३ चाच फरक, पण या मापात दर १० ला दहापट, म्हणजे आत सिग्नल जवळपास दोन हजार पट कमी! त्यात फोन वीतभर सरकवला की आकडा उडतो, भिंतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना खातात म्हणून. त्यामुळे ओट्यावरच जरा जरा सरकवत पन्नासेक रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. पण सरासरी एका जागेची काढतात, अख्ख्या एरियाची काढली की आमचं किचन हायवेत बुडतं.

आणि गाडी हवीच कशाला? प्रत्येक फोन स्वतःच टॉवरला सांगत असतो की मला किती सिग्नल मिळतोय. त्यातले बिल्डिंगवार सगळ्यात खराब दहा टक्के लावा ना नकाशावर, बघू किती हिरवं उरतं ते.

पण हिरवं हवंच ना सगळ्यांना. नाला कागदावर साफ, रस्ता कागदावर गुळगुळीत, फक्त टॅक्स तेवढा खराखुरा भरायचा. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी चं उद्घाटन झालं, टाळ्या आम्हीपण वाजवल्या, घरात साधा कॉल लागेना तरी रिचार्ज वाढतोच आहे, महिन्याला साठेक कॉल तर कटत असतील, मोजायचं सोडून दिलं.

काल तिसरी तक्रार बंद केली त्यांनी. "आपण समाधानी आहात का, १ ते ५ मध्ये सांगा" असा मेसेज आला, तोही ग्रिलमधून हात बाहेर काढल्यावर.